ड्युटीवरचे मासे

...नाही, पण मला एक सांगा, मासा निवडायचा म्हटल्यावर माणूस तगडा निवडेल की मरतुकडा? तुम्ही बाजारात जाता, कोळणीसमोर उभे राहता, काय बघता? डोळा बघता, कल्ला उघडून बघता, लाल आहे का, अंगाला चकाकी आहे का... मग मी तेच बघितलं तर माझं काय चुकलं? दोन वर्षं बघितलं, मन लावून बघितलं, आणि आता गावात सगळे माझ्याकडे असे बघतात की मीच बादली घेऊन नाल्यात केमिकल ओतून आलो. मी कशाला ओतू? तुम्हाला सांगतो, माझं काम मासे बघायचं.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल गुणाजी केणी सुरू झाला की थांबत नाही. मी डोंबिवलीत एका प्लांटवर आहे, लॅबमध्ये मदतनीस. प्लांट म्हणजे काय, आजूबाजूच्या कारखान्यांचं घाण पाणी पाइपातून आमच्याकडे येतं, आम्ही ते साफ करतो आणि नाल्यात सोडतो, आणि नाला पुढे आमच्याच गावापाशी खाडीला मिळतो. आता पाणी साफ झालं हे कळायचं कसं? त्याला मशिनी आहेत, काचेच्या नळ्या आहेत, पण एक टेस्ट अशी आहे की तिला मशीन लागत नाही, मासा लागतो. साफ केलेलं पाणी टाकीत भरायचं, दहा मासे सोडायचे, चार दिवस थांबायचं. दहापैकी नऊ जगले, पाणी पास. आठ जगले तर नापास, मग बाहेरचा व्हॉल्व्ह बंद, दुरुस्ती, चौकशी, सगळ्यांचे रविवार गेले. चार दिवस माशांना खायला द्यायचं नाही, फक्त हवेचा बुडबुडा चालू ठेवायचा. तर तो बुडबुडा चालू आहे का आणि कोण उलटा झाला का, हे बघायला माणूस कोण? मी. माझं काम मासे बघायचं.

पूर्वी मासे संचिता मॅडम आणायच्या. मॅडम म्हणजे आमच्या केमिस्ट, नौपाड्याच्या, बोलणं एकदम स्वच्छ... 'गुणाजीदादा, कृपया टाकीत बोट घालू नका हं.' त्या कल्याणच्या एका दुकानातून शोभेचे मासे आणायच्या, बोटाच्या पेराएवढे, रंगीबेरंगी. सकाळी दहाला सोडले की मी डबा उघडेपर्यंत तीन आडवे. पुढच्या वेळी सहा. मग आमचे मॅनेजर, अनिमेष साहेब, आले, टाकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, 'संचिता, हे बाहेरच्या देशातले मासे ना? यांना इथल्या पाण्याची सवय नाही. आपल्याला कसं, लोकल पाहिजे.' मॅडम म्हणाल्या, 'सर, सवय नसलेलाच मासा तर...' 'लोकल, संचिता. जिथे पाणी सोडतो तिथलाच मासा. एकदम फेअर.' आणि नुसतं बोलून थांबले असते तर ठीक, पण साहेबांना लेखी करायची भारी हौस, त्यांनी कागद टाइप करून फळ्याला लावला... चाचणीसाठी स्थानिक खाडीतलेच मासे वापरावेत, बाहेरचे मासे चालणार नाहीत. खाली सही, खाली शिक्का. आणि मग वळून मला, 'गुणाजी, तू कोळी ना रे?'

आता याला काय उत्तर द्यायचं? बाप माझा दामाजी, पन्नास वर्षं खाडीत होडी घालतो. आई भागीरथी, कल्याणच्या बाजारात तिची जागा ठरलेली. मी म्हटलं, हो साहेब. 'मग झालं तर. उद्यापासून मासे तू आणायचे.' खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बारा वर्षं मी नळ्या विसळत होतो, आणि एकदम एक खातं माझ्या नावावर. घरी आलो तो छाती पुढे काढूनच.

आता कोळ्याच्या घरात मासा निवडायला शिकवावं लागत नाही, पण आईने मला लहानपणी बाजूला बसवून सांगितलेलं, 'गिराईकाला नरम मासा दिलास ना, तर त्याच्या घरी मासा नाय जात, आपलं नाव जातं.' तेच मी डोक्यात ठेवलं. नाल्याच्या तोंडाशी जायचो, पाग टाकायचो, पाग म्हणजे आमचं फेकायचं गोल जाळं, आणि जी चिलापी यायची तिच्यातली निवडायचो. चिलापी तुम्हाला माहीत असेल, काळपट, जाड, कुठेही सापडते. बादलीत टाकल्यावर जी उडी मारून बाहेर पडेल ती पास. जी गप्प राहील, जरा सुस्त दिसेल, ती परत पाण्यात. दहा अशा निवडायचो की एकेकीचा दम बघावा. कुठल्याही गिऱ्हाइकाने नाव ठेवू नये असा माल.

आणि ती बादली घेऊन शेअर रिक्षात बसायचं, हे तुम्ही कधी केलंय? मागे तीन जण, पुढे ड्रायव्हरच्या बाजूला मी, मांडीत बादली, वर ओला टॉवेल. एक बाई रोज असायची, ती मागून वाकून विचारणार, 'दादा, ताजे आहेत का? कसे दिले?' मी म्हणायचो, विकायचे नाहीत. 'मग घरी न्यायचे?' नाही. 'मग?' मग काय सांगू... म्हटलं, बाई, हे ड्युटीवर आहेत. त्या दिवसापासून ती दुसऱ्या रिक्षाने जायला लागली.

पण रिझल्ट बघा. पहिल्या वेळी दहापैकी दहा. दुसऱ्या वेळी दहापैकी दहा. एकदा रविवारभर लाइट नव्हती, पंप बंद, बुडबुडा बंद, पाण्याला असा वास की मी नाकाला रुमाल लावून आत गेलो, तर दहाच्या दहा माझ्याकडे तोंड करून, उपाशी, खायला काय आणलंस म्हणून. आणि एकदा तर कमालच झाली. दहा सोडलेले, चार दिवसांनी मोजले तर सत्तेचाळीस. मी परत मोजले. मॅडमना बोलावलं, त्यांनी मोजले. चिलापीची मादी पिल्लं तोंडात सांभाळते, तिने ती टाकीत सोडलेली. मॅडम कॅल्क्युलेटर घेऊन बसल्या, 'दादा, जगण्याचं प्रमाण चारशे सत्तर टक्के येतंय, फॉर्ममध्ये तीन आकडी जागा आहे, पण शंभरच्या वर कोणी लिहीत नाही हो.' साहेबांना काय, त्यांनी मोबाइलवर फोटो काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, आपल्या पाण्यात पाळणा हलला. खाली सत्तावीस अंगठे.

घोडबंदरला माझी मेव्हणी राहते, रसिका, बाविसाव्या मजल्यावर. तिच्याकडे काचेची टाकी, निळा लाइट, दोन मोटरी, आणि महिन्याला एक मासा मरतो. ती मला फोन करते, 'भावजी, तुम्ही त्यातले स्पेशालिस्ट ना, आमचेच का मरतात?' मीही ऐटीत सांगायचो, निवड चुकते गं तुझी, निवड. असं बोलायचो मी. आता आठवलं की कानशिलं तापतात.

कारण त्याच दिवसांत घरी काय चाललेलं? बाबा होडीवरून यायचे, टोपली रिकामी. चिंबोरी नाही, कोळंबी नाही, जाळ्यात येते ती चिलापी, आणि तिला वास, बाजारात आईकडून कोणी घेत नाही. बाबा जेवताना म्हणायचे, 'गुन्या, बोईट दिसत नाय रं आता.' बोईट म्हणजे आमच्या खाडीचा खरा मासा, चंदेरी, बाबांनी आयुष्य काढलं त्याच्यावर. आणि मी काय म्हणायचो, ऐका. मी भाताचा घास घेत म्हणायचो, बाबा, पाण्यात काही नाही, दहापैकी दहा. बाबा मान हलवून परत जेवायला लागायचे. पोरगा ऑफिसात शिकलाय, त्याला जास्त कळत असणार, असं त्यांना वाटत असेल. मला आज त्या घासाची लाज वाटते.

मग गेल्या महिन्यात एका सकाळी खाडीचं पाणी गुलाबी. मी बघितलं स्वतः, सरबतासारखं. आणि बाबांच्या जाळ्यात बोईट आले, दोन वर्षांनी आले, अकरा... सगळे मेलेले. बाबांनी ते बादलीत भरले आणि गावातली सात-आठ म्हातारी माणसं घेऊन सरळ आमच्या प्लांटवर. मी गेटवर बघतो तर बाप समोर. मला ओळख न दाखवता आत गेले, साहेबांच्या टेबलावर बादली ठेवली, आणि म्हणाले, 'साहेब, भांडाया नाय आलो. तुमचं पानी आमच्यासमोर तपासा. नापास झालं तर ते बाहेरचं व्हॉल्व्ह बंद करा, दोन म्हैने. खाडीला जरा दम खाऊं द्या. दुसरं कायपन नको.' बस, एवढीच मागणी.

साहेब एकदम गोड. 'बसा काका, चहा घ्या.' आणि फाइल काढली. दोन वर्षांची. पान उलटतायत आणि वाचतायत, 'दहापैकी दहा. दहापैकी दहा. दहापैकी दहा... काका, मासा जगतोय, तर पाणी वाईट कसं? आणि मासे काही आम्ही विकत आणलेले नाहीत, तुमच्याच खाडीतले, तुमच्याच मुलाने निवडलेले.' सगळ्या म्हाताऱ्यांची तोंडं माझ्याकडे. मला वाटलं, टाकीतच उडी मारावी.

बाबा उठले, टाकीपाशी गेले, वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. 'गुन्या, ही चिलापी?' म्हटलं, हो. 'नाल्याच्या तोंडावरची?' हो. 'आनि त्यातली पन तू तगडी बगून काढलीस?' मी म्हटलं, बाबा, आईने शिकवलं तसंच. बाबांनी कपाळाला हात लावला. 'आरं, ही त्या पान्यात वाढलेली. जी मरायची ती कवाच मेली, ही उरलेली हाय. हिला काय व्हतंय? हिला घासलेटात टाक, घासलेट पिऊन परत भूक लागली म्हनंल.' आणि मॅडम, इतके दिवस गप्प असलेल्या, हळूच म्हणाल्या, 'दादा, टेस्टला नाजूक मासा लागतो. जो सगळ्यांच्या आधी आजारी पडतो तो.' म्हटलं, मॅडम, हे दोन वर्षांपूर्वी सांगायचं होतं. 'मी सांगत होते, पण सरांनी तो कागद लावला आणि तुम्ही इतक्या आनंदाने बादली घेऊन यायचात, की...' आणि त्या उगाच टाकीची काच पुसायला लागल्या. बाजारात मेलेला मासा चालत नाही आणि इथे मरणारा मासा पाहिजे, हे मला कोणी सांगितलेलं? माझं काम मासे बघायचं.

शेवटी ठरलं, सोमवारी परत टेस्ट. पंच म्हणून बाबा. मासा बाबांच्या पसंतीचा, म्हणजे बोईट. मी मनात म्हटलं, आता बघा, दुपारपर्यंत व्हॉल्व्ह बंद होतो. मी रजा टाकली, आणि बाबा आणि मी होडी काढली. शुक्रवार, शनिवार, रविवार. नाल्याच्या तोंडाशी टाकलं जाळं, पुलाखाली टाकलं, पार दिवा स्टेशनच्या अंगाला जाऊन टाकलं. चिलापी, प्लास्टिक, चिलापी, एक चप्पल, चिलापी. रविवारी संध्याकाळी बाबांनी जाळं गुंडाळलं आणि म्हणाले, 'बादलीतले अकरा, ते शेवटचे व्हते वाटतं.' मला रडू आलं, तुम्हाला सांगतो, जाळं धुतोय असं दाखवून मी तोंड धुतलं.

सोमवारी मॅडम म्हणाल्या, 'सर, मी बदलापूरच्या वरच्या अंगाने, नदीतले नाजूक मासे घेऊन येते, आजच्या आज.' साहेबांनी फळ्याकडे बोट केलं. बाहेरचे मासे चालणार नाहीत. 'संचिता, नियम आपणच केला, आता पंचांसमोर आपणच मोडायचा? बरं दिसतं का?' मग? 'मग काय, तारीख ठरलेली आहे, टेस्ट तर करावी लागेल.' तर टाकीत पाणी भरलं. बुडबुडा लावला. मासे नाहीत. आणि टेस्ट चालू. हसू नका, खरंच. चार दिवसांची टेस्ट म्हणजे चार दिवस, मी रोज सकाळी त्या रिकाम्या टाकीसमोर उभा राहून पाण्यात बघायचो आणि फॉर्मवर लिहायचो, मेलेले मासे, शून्य. मॅडमनी शेऱ्याच्या रकान्यात हरकत लिहिली, रकाना दोन बोटांचा, अर्धी हरकत बसली. साहेबांनी खाली निकाल लिहिला, चाचणी काळात एकही मृत्यू आढळला नाही, पाणी योग्य. आता फक्त पंचांची सही, की व्हॉल्व्ह उघडा तो उघडाच.

शुक्रवारी बाबा आले. मी त्यांना बाजूला घेतलं, म्हटलं, बाबा, सही करू नका. त्यांनी खिशातून चष्मा काढला, फॉर्म सावकाश वाचला, परत पहिल्यापासून वाचला, आणि पेन मागितलं. 'खोटं काय लिवलंय यात, गुन्या? मरायला तरी कोन शिल्लक पायजे ना रं.'