तिसरी कॉइल

—टायरला लाथ मारू नका. बैल हाय का तो? जो येतो तो टायरलाच लाथ मारून बघतो, आणि बिघाड असतो इंजिनात! बसा इथं ओट्यावर, विंचूरवाले भाऊ. हिरामण आंघोळीला गेलाय, येईलच. पितरांच्या पंधरवड्यात कुणी नवी वस्तू घरात आणत नाय — तुम्ही मात्र गाडी न्यायला आलात, कारण आत्ता पडेल भावात मिळते. मला काय कळत नाय होय? बरं, आता आलाच हायत तर गाडीची कहाणी ऐकून जा. आटपाट ओझर होतं. तिथं पुंजा नावाचा टेम्पोवाला राहायचा. माझा नवरा तो — नाव घेतलं म्हणून असं बघू नका, आता ओरडायला कुठंय तो? त्याची बायको मी, भागीबाई. लेक हिरामण. हिरामणाची लेक तेजस्विनी, ती आयटीआयला गाड्यांचं शिकते. धंदा नारळाचा — नाशकातून पोती भरायची, वणीवरून सप्तशृंगीच्या गडावर दुकानांना पोचवायची. चार दिवसांनी घट बसतील. वर्षाचा नारळ एका बाजूला नि त्या नऊ दिवसांचा एका बाजूला — आणि लेक माझा आत्ताच गाडी विकायला निघालाय. शिसारी आली मला. तुमची नाय हो. थोडी तुमचीपण.

का विकतो? गाडी सारखी मिसिंग करायची म्हणून. आता तुम्ही व्यापारी, तुम्हाला ठाऊक असेल, तरी सांगते. पेट्रोलच्या इंजिनात चार भट्ट्या. चौघींनी आळीपाळीनं पेटायचं. पेटवायला ठिणगी प्लगची — पण प्लगला जोर कुणाचा? बॅटरीत बारा व्होल्ट, त्यानं कोंबडीसुद्धा दचकायची नाय. त्या बारांचे हजारो करते ती कॉइल. एका प्लगच्या डोक्यावर एक, खोल खड्ड्यात उभी, खाली रबराचं नळकांडं. एक मेली की एक भट्टी थंड. मग तिघी ओढतात, आणि चौथी पेट्रोल पिऊन न जाळताच मागून ओकते — शी, तो कच्चा वास! कपड्यांना बसतो, भाकरीला बसतो. सपाटीला चालून जातं. पण गडाच्या वाटेवर नांदुरीचा घाट लागला, मागं पोती असली, की असे हिसके देते, की पोटातलं तोंडात येतं. मला अक्षर येत नाय, भाऊ. पण नजीर मिस्त्रीच्या गॅरेजात बाकावर बसून हे सगळं ऐकलंय, आणि एकदा ऐकलेलं मी सोडत नाय.

पहिली कॉइल गेली माघातल्या अमावास्येनंतर तिसऱ्या दिवशी. नजीरनं दोन नंबरची काढून तीन नंबरच्या भट्टीवर बसवली — मिसिंगपण तिच्यामागं तीनला गेलं. म्हणजे कॉइलच मेलेली, वायर नाय नि प्लगपण नाय. तरी प्लग बदलला त्यानं. झिजल्या प्लगची फट वाढते म्हणे, ठिणगीला लांब उडी मारावी लागते, आणि तो भार कॉइलीवर येतो. दुसरी गेली जेठात. पुन्हा दोन नंबरचीच. खड्ड्यात काय चिकट होतं ते त्यानं फडक्यानं पुसलं नि म्हणाला, "हिरामण, पानी ऊपर से जा रहा है. इंजिनवर पाणी मारू नको, भाई." हिरामण म्हणाला, मी मारतच नाय. मग तडक वॉशिंगवाल्याकडं जाऊन त्याची गचांडी धरली. आणि मी — मी नजीरला चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "पाणी कशाचं? तूच डुप्लिकेट कॉइल घालतोस." त्यानं पाना खाली ठेवला. दर दिवाळीला फराळाला येणारा माणूस, आता रस्त्यात दिसला तरी मान खाली घालून जातो.

तिसरी पोळ्यानंतर. चार दिवस गाडी दारात उभी, नजीरकडं जायला तोंड नाय. तेजस्विनी म्हणाली, मी काढते. कॉइल वायरला धरून ओढायची नसते — आधी क्लिप सोडायची, मग हलक्या हातानं पिळत वर घ्यायची. घेतली वर. अगं बया! काळं, तार धरलेलं, मुंग्यांनी बुजबुजलेलं, तळाला हळदीचा चिखल, त्यात झेंडूची कुजकी पाकळी, आणि आंबल्या खोबऱ्याचा असा भपकारा की मी पदर तोंडाला लावला. पोरीनं बोट बुडवलं, हुंगलं, आणि माझ्याकडं बघितलं. वॉशिंगवाला काय नारळाच्या पाण्यानं गाड्या धुतो का, भाऊ?

काय झालं? ...हां. मीच. दर अमावास्येला, हिरामण झोपेतून उठायच्या आत. बॉनेट उघडायचं, हळद-फूल वाहायचं, नारळ फोडून पाणी इंजिनावर सोडायचं. बंपरपुढं फोडतात, ठाऊक हाय मला! पुंजाच्या जुन्या टेम्पोला मी बंपरपुढंच फोडला होता. त्याच दुपारी घाटात ब्रेक लागला नाय त्याचा. ...म्हणून वाटलं, बाहेर फोडून भागत नाय, आत पोचलं पाहिजे. पोचलं की! खड्ड्यात साचलं, ठिणगी प्लग सोडून त्या ओलीतून भलतीकडं पळाली, रबर जळालं, कॉइल तापून मेली. लेकाला जपायला गेले नि त्याच्या पोटावर पाय दिला. थू माझ्या अकलेवर.

पोरगी रागावली नाय, हेच वाईट. म्हणाली, "आजी, बंपरपुढं फोडलेला नारळ देवीला पोचतो गं. आणि आजोबांचे ब्रेक गेले होते — ते नारळानं नाय, तपासल्यानं कळतात. ते मी बघत जाईन." मग हवा मारून खड्डे कोरडे केले, नवी कॉइल, नवा प्लग, रबराच्या तोंडाला बोटभर पांढरं ग्रीस. तेव्हापासून गाडी शिंकली नाय. पण हिरामणाच्या डोक्यात काय बसलंय? "आई, ही अमावास्या झाली की मरते. हिला बाहेरची बाधा हाय. सर्वपित्रीच्या आत काढतो." बाधा! बाधा घरात बसून त्याला भाकरी वाढत होती. तेजस्विनी म्हणते, मी नाय सांगणार, तू सांग. तीन आठवडे झाले, घास गिळावा तसं गिळतेय. माझ्या पोराला मी आजवर—

तिकडं काय बघताय सारखे? ...हिरामण. कधीपासून उभा हायस? डोकं तरी पूस. किती ऐकलंस? ...सगळं? शिवी दे. "आई" म्हणून नुसता उभा राहू नको, मला सोसायचं नाय ते. आणि फोन कुणाला लावतोस? कुणाला? ...दे इकडं. नजीरभाऊ? मी भागीबाई. ऐक, ठेवू नको. डुप्लिकेट तुझी कॉइल नव्हती रे, माझी अक्कल होती. नारळाचं पाणी मीच ओतत होते. हो, इंजिनावर. हो, हळदपण. ...हसतोय मेला! खोकला येईस्तोवर हसतोय. ऐक, या दिवाळीला ये. आणि पोरांनापण आण.

तर ऐकलंत ना, विंचूरवाले भाऊ. पुंजाच्या घरची बाधा अशी दिवसाढवळ्या उतरली. चारी भट्ट्या एका दमात पेटल्या, रुसलेला मिस्त्री हसला, पोरगी पुढच्या सीटवर बसली, आणि गडाचा नारळ घटाच्या आधी गडाकडं निघाला. आता उठा. तुमची मोटारसायकल फाटकात आडवी लावलीय, ती काढा — आमच्या गाडीला जायचंय.