वाघमाऱ्यांनी दुरुस्त केलेला गजर

उपकाराची जाहीर पोच मी आयुष्यात एकदाच दिलीय, तीही तोंड न उघडता.

मला जुन्या घड्याळांचा नाद. गजराचं एक मनगटी घड्याळ मिळालं, पण गजर मुका. सातपूरच्या आमच्या कारखान्यातले फिटर वाघमारे सुट्टीच्या दिवशीही ते उघडून बसायचे. परत देताना म्हणाले, “रोज चावी दे. वाजलं की सांग.”

वाजलंच नाही, आणि वाघमारे गेले.

शोकसभेत सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे, तेवढ्यात माझ्या मनगटावर घर्रर्र! सकाळी सवयीनं चावी दिली होती. बंदही होईना.

नंतर मान खाली घालून त्यांच्या बायकोपाशी गेलो. “वहिनी, चुकलं.”

डोळे पुसता पुसता त्या हसल्या. “चुकलं कसलं, भाऊजी? रोज विचारायचे, ‘वाजलं का त्याचं?’ सांगितलंत की त्यांना!”