सात दहा ते सात चाळीस

बारकी : आधी तो दिवा बंद कर. तोंडावर एवढा झगझगीत उजेड घेऊन माझ्याशी बोलू नकोस.

दादा : अगं, शूटिंगची तयारी चाललीये. चार वाजता नवा व्हिडिओ टाकतो म्हणून सांगून बसलोय लोकांना. काय असेल ते संध्याकाळी बोलू.

बारकी : संध्याकाळी नाही, आत्ता. हा लॅपटॉप ओळखतोस?

दादा : हा काय प्रश्न झाला? तुझाच आहे.

बारकी : माझाच. तू घ्यायला लावलेला. "डोळे झाकून घे, बारके" हे तुझे शब्द. मी खरंच झाकले.

दादा : मग चुकलं कुठे? वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये त्याच्यासारखा खेळ चालवणारा तेव्हा दुसरा नव्हता. माझ्या व्हिडिओत सेकंदाला साठ फ्रेम आल्यात. साठ! लोकांनी तोंडात बोटं घातली.

बारकी : माझ्याकडे चौतीस यायच्या. समोर तीन-चार जणी एकदम आल्या की सव्वीस. समोरची वळून मला गोळी घालून मोकळी व्हायची आणि माझ्या पडद्यावर ती अजून पाठमोरीच.

दादा : यावर आपलं बोलणं झालंय. मी स्वतः बसून तपासला होता तुझा लॅपटॉप. एक अख्खी दुपार घालवली.

बारकी : घालवलीस ना. आणि उठताना काय म्हणालास?

दादा : एवढं कुठे लक्षात राहतं?

बारकी : माझ्या राहिलंय. म्हणालास, "नाचता येईना अंगण वाकडं. मशीन तेच, खेळ तोच, मला साठ येतात. तुझा हातच कच्चा आहे, बारके. सराव वाढव."

दादा : भावाने बहिणीला सराव कर म्हटलं, त्यात वावगं काय?

बारकी : काहीच नाही. म्हणून तर मी वाढवला. सकाळी कॉलेजच्या आधी दोन तास, आल्यावर तीन तास. मनगट सुजलं तर त्यावर बँडेज गुंडाळून खेळले. आणि आमच्या गेमिंग टीमच्या निवड चाचणीत पाच जणींत पाचवी आले. घरी बसून, याच टेबलावर, याच लॅपटॉपवर.

दादा : चाचणीत होतं असं एखाद्या वेळी.

बारकी : ती टीम मी उभी केली होती, दादा. एकेक मुलगी मी शोधून आणलेली. कप्तान मला म्हणाली, "तुझी नजर मंद झालीये गं, थोडे दिवस थांबतेस का?" मी थांबले नाही, मी जागाच सोडली. तिला लिहून दिलं, माझ्यापायी तुम्ही हरू नका. चार वर्षं एका निरोपात मिटवली.

दादा : मला वाईट वाटलंच होतं. पण आज हे सगळं उकरून काढण्याचं कारण?

बारकी : आज मी दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले होते. पंखा फार आवाज करत होता, म्हटलं धूळ काढून घेऊ. त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि मलाच विचारलं, "यावर खेळतेस तू? पट्टी तर एकच आहे."

दादा : कसली पट्टी?

बारकी : रॅमची. कसली म्हणून मला विचारतोस? कमाल आहे!

दादा : नाही, म्हणजे, ते म्हणाले काय नेमकं?

बारकी : म्हणाले, "याच्यात वेगळं कार्ड नाही ना, मग चित्रं काढणाऱ्या भागाला स्वतःची मेमरी कुठून असणार? तो याच रॅमच्या जिवावर जगतो. एक पट्टी म्हणजे एकपदरी रस्ता. दोन टाकल्या की दुपदरी." शेजारची जागा रिकामी होती. त्यांनी खणातली एक जुनी पट्टी काढून तिथे बसवली आणि म्हणाले, खेळून बघ.

दादा : मग?

बारकी : अठ्ठावन्न. तिथेच काउंटरला टेकून खेळले मी. समोरची वळायच्या आत आडवी केली तिला. काका टाळ्या वाजवत होते आणि मी रडत होते. त्यांना वाटलं, पोरगी आनंदाने रडतेय.

दादा : असं आहे होय! अगं, मग चांगलंच झालं. कंपनीने मला पाठवलेल्या मशीनमध्ये दोन असतील तर मला काय ठाऊक? मी थोडाच प्रत्येक मशीन उघडून बघतो? दोन्हीकडे आकडा सोळा जीबीचाच दिसतो. माझीही फसगतच झाली म्हणायची.

बारकी : तुझी फसगत?

दादा : मग काय तर! साफ बनवलं त्यांनी मला.

बारकी : परत एकदा म्हण. माझ्याकडे बघून म्हण.

दादा : बारके, पोलिसासारखी उभी राहू नकोस. मला माहीत नव्हतं, संपलं.

बारकी : थांब. संपलं नाही. काकांकडून मी सरळ घरी आले आणि त्या व्हिडिओचं मूळ फुटेज उघडलं. न कापलेलं. ऐक.

व्हिडिओतला दादा : "…आणि मित्रांनो, एक महत्त्वाची गोष्ट. मला आलेल्या मशीनमध्ये आठ-आठच्या दोन पट्ट्या आहेत. दुकानात मिळेल त्यात सोळाची एकच असणार आहे. आकडा तोच दिसेल, पण खेळ जवळजवळ निम्म्यावर येईल. तेव्हा दुसरी पट्टी टाकल्याशिवाय खेळासाठी हा लॅपटॉप घेऊ नका…"

बारकी : आवाज ओळखीचा वाटतो का?

दादा : बंद कर ते.

बारकी : सात मिनिटं दहा सेकंदांपासून सात चाळीसपर्यंत. कागदावर लिहून दिलं होतंस मला, "एवढं काप."

दादा : बारके…

बारकी : मी तुझे व्हिडिओ कापते ते आवाज बंद ठेवून. कानात टीमच्या मुली बडबडत असतात माझ्या. तू आकडे देतोस, मी कात्री चालवते. तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही, का रे कापायचं? म्हटलं, शिंक आली असेल, शब्द अडखळला असेल. दादा सांगतोय ना! केसाने गळा कापणं म्हणतात, दादा, तेच केलंस. त्यातून केसही माझाच वापरलास.

दादा : मी ते वाक्य बोललो होतो, हे तरी बघ. मनात खोट असती तर बोललोच नसतो.

बारकी : बोललास, म्हणून तर जास्त लागतंय. अडाणी असतास तर मी माफ करून मोकळी झाले असते.

दादा : शूटिंग संपता संपता कंपनीतल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, बाकी सगळं छान, तेवढं पट्ट्यांचं नको. ते राहिलं तर पुढचं मशीन दुसऱ्या कुणाकडे जाईल. तुला माहितीये ना, आधी मशीन हातात पडलं नाही तर माझा व्हिडिओ कोण बघणार? शिळी बातमी कोण वाचतं?

बारकी : मग मला तरी सांगायचं होतंस. जगाला नको, मला. कानात सांगितलं असतंस तरी चाललं असतं. एक पट्टी टाकून घे, एवढंच.

दादा : सांगणार होतो.

बारकी : कधी?

दादा : दर आठवड्याला ठरवायचो. तुला सांगितलं असतं तर तू टीममधल्या मुलींना सांगितलं असतंस, त्यांनी आणखी चौघींना. मग गावभर झालं असतं. म्हटलं, ही हुशार आहे, चौतीसवरही निघून जाईल चाचणीतून. मग निवांत सांगू.

बारकी : म्हणजे त्या दुपारी माझा लॅपटॉप तपासायला बसलास, तेव्हा तुला आधीच माहीत होतं.

दादा : हो.

बारकी : मग अख्खी दुपार काय करत होतास रे?

दादा : सेटिंग उघडत होतो. बंद करत होतो. तू शेजारी बसली होतीस ना.

आई : काय चाललंय रे दोघांचं? जिन्यापर्यंत आवाज येतोय. खालच्या बाईंनी विचारलं मला, टीव्ही लावलाय का म्हणून.

बारकी : आई, तू यात पडू नकोस. हे आमचं आहे.

आई : बरी आलीस तू शहाणी, आमचं म्हणे. कशावरून पेटलंय? ते पट्ट्यांचं का?

बारकी : काय म्हणालीस?

आई : नाही, मला आपलं वाटलं.

बारकी : पट्ट्यांचं तुला कसं माहीत?

दादा : आई, तू स्वयंपाकघरात जा बरं.

बारकी : कुठेही जायचं नाही. आई, सांग.

आई : अगं, त्या दिवशी उजेडासाठी तो पांढरा पुठ्ठा धरून मीच उभी होते ना याच्यासमोर. हात भरून आले होते माझे. फोन आला, हा हो-हो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, पण आपली बारकी हाच घेतेय ना?" तर म्हणाला, "तिचं मी बघतो."

बारकी : आणि तू?

आई : मला त्यातलं काय कळतं, बाळा? मला वाटलं, बघितलं असेल याने.

बारकी : आणि चाचणीनंतर मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा काय वाटलं?

आई : तेव्हा विचारलं होतं मी याला. आडून नाही, सरळ विचारलं. म्हणाला, "आता सांगितलं तर ती माझं तोंड बघणार नाही, आई. थोडं थंड होऊ दे." माझं इकडे आड, तिकडे विहीर झालं होतं गं. तुम्ही दोघं बोलत होता, हसत होता, एका ताटात जेवत होता. ते मोडायचं माझ्या जिवावर आलं.

बारकी : तू रोज माझ्या मनगटाला मलम चोळत होतीस, आई.

आई : चोळत होते.

बारकी : आणि म्हणायचीस, "होईल गं, सरावाने सगळं होतं."

आई : माझं चुकलं. पदरात घे म्हणायलाही तोंड नाही मला.

दादा : तिला बोलू नकोस. दोष माझा आहे. हे बघ, मी आजच्या आज तुला नवी पट्टी आणून देतो, उत्तमातली उत्तम. आणि कप्तानशी मी स्वतः बोलतो. तिला सगळं समजावतो.

बारकी : काय समजावशील? माझ्या जागी दुसरी मुलगी आलीये. चांगली खेळते बिचारी. तिला काढा म्हणून सांगशील?

दादा : मग तुला हवंय तरी काय?

बारकी : ते तीस सेकंद. कापलेले. आज चार वाजता तेच टाक. आणि का कापले होते, तेही सांग.

दादा : वेड लागलंय का तुला? लोक म्हणतील, हा विकला गेलेला माणूस आहे.

बारकी : खोटं आहे का ते?

दादा : तीन वर्षं एकेक माणूस जोडलाय मी. उद्या एकही कंपनी दारात उभं करणार नाही मला. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बारके.

बारकी : त्या मुठीत माझी चार वर्षं आहेत. आणि खाली बघ, त्या व्हिडिओखाली किती जणांनी लिहिलंय. "दादा, माझ्याकडे तीसच येतात, काय चुकतंय?" तू प्रत्येकाला उत्तर दिलंस, सेटिंग तपासा. मीच टाइप केलीयेत त्यातली निम्मी उत्तरं. त्यांच्या घरीही कुणीतरी असेलच ना, हात कच्चा आहे म्हणणारं.

आई : बोलून टाक रे. एकदा नाक कापलं गेलं तरी चालेल, पण हे रोज तोंड लपवणं नको.

दादा : तूही तिच्याच बाजूने?

आई : आज तरी. चार महिने तुझ्याच बाजूने होते की.

दादा : बरं. दिवा लाव. नाही, तू नको, आई, बस तू. मीच लावतो.

(खटका. कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका पेटतो.)

दादा : नमस्कार मित्रांनो. आज नवं मशीन दाखवणार होतो, पण आधी एक जुनं राहिलंय. चार महिन्यांपूर्वी मी तुम्हाला एका लॅपटॉपवर साठ फ्रेम दाखवल्या. त्या खऱ्या होत्या, पण तुमच्या लॅपटॉपवर येणार नव्हत्या आणि ते मला माहीत होतं. माझ्या मशीनमध्ये रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, तुमच्यात एकच आहे. मी ते बोललो होतो आणि कंपनीच्या सांगण्यावरून काढून टाकलं. ज्यांनी मला विचारलं, त्यांना मी सेटिंग तपासा म्हणालो. त्यांची सेटिंग ठीक होती. तोच लॅपटॉप माझ्या घरातही आहे. माझ्या धाकट्या बहिणीकडे. तिला मी… तिला…

आई : बोल रे.

दादा : थांब, आई. हे मला कॅमेऱ्याकडे बघून नाही जमणार. बारके, इकडे बघ. तुझा हात कच्चा नव्हता. कधीच नव्हता. त्या दुपारी शेजारी बसून मी तुझा खेळ बघत होतो. चौतीस फ्रेमवर तू जे करत होतीस, ते मला साठवरही जमलं नसतं. मला तेव्हाच कळलं होतं, किती चांगली खेळतेस तू.

बारकी : एवढंच ऐकायला मी रोज पाच तास बसत होते.

आई : ऐकलंस ना आता? मग पूस डोळे. चांगली खेळतेस म्हणतोय तो.

बारकी : ऐकलं. पण "हात कच्चा आहे" सांगणाराही हाच दादा होता ना, आई.