तेरवीच्या भातात शिजलेलं बियानं

मंडळी, पार्वताकाकूसाठी तुमी एवढे जन आले, बरं वाटलं. मी तिची शेजारीन, कमल. मले भाषन येत नाही. पन गप बसली तर काकू मले माफ करनार नाही.

आपलं गाव खारपानपट्ट्यातलं. विहिरीचं पानी तोंडात घेववत नाही, उन्हाळ्यात मातीवर पांढरा थर येते. त्या मातीत काकूनं धान लावलं. तवा तुमी काय म्हनले? "बाई येडी झाली." म्हनले का नाही? आज फोटोले हार घालताना तेच तोंडं "लय थोर बाई होती" म्हनून राहिले!

दरसाल तिचं धान खारानं जळे. एखादं बुड हिरवं राही, त्याच्याच लोंब्या ती येगळ्या काढे न् पुढच्या साली पेरे. असं करत करत आपल्या खाऱ्या मातीत टिकनारं धान तयार झालं. मले म्हने, "कमल, उपाशी राहीन, पन ह्या बियान्याच्या पोत्याले हात लावनार नाही."

न् परवा तिच्या तेरवीले काय झालं? पंगतीत भात वाढला. सगळे म्हने, काय चव हाये बाप्पा! मी तिच्या दिराले इचारलं, "दिनकरभाऊ, तांदूळ कुठून आनला?"

"आनाले कायले लागते? वहिनीचं पोतं होतं ना भरलेलं. गिरनीतून काढून आनलं."

माह्या हातातला घास हातातच राहिला. बियानं शिजवलं, दिनकरभाऊ! तिची सारी मेहनत शिजवली, न् आमी वरून वरन ओतून खाल्ली! पोतं येगळं काहून ठेवलं, एकानं तरी इचारलं काय? मान खाली घालू नका. इकडं पाहा.

बायांनो, आता तुमाले सांगते. संक्रांतीले काकू तुमची ओटी भरे, तवा गहू नाही, तांदूळ नाही, हेच धान टाके. तुमी हसत घरी जात. पन सालासकट धान शिजवता येत नाही, न् ओटीतलं कोनी फेकत नाही. कोनाच्या देवाजवळ असन, कोनाच्या डब्यात असन. हाये ना?

आता सगळे उभे राहा. काकूसाठी थोडा वेळ गप राहू. मंग घरी जा न् ती मूठ घेऊन या. मी अठीच पदर पसरून बसते. यंदा काकूच्या वावराची ओटी आपन भरू.