मोठे खडे कुणाचे

(दक्षिण चिलीतलं एक सरकारी रुग्णालय. शेजारशेजारच्या खाटांवर नणंद-भावजय. दोघींचीही पित्ताशयं आज सकाळी निघालेली.)

एर्सिरा: बोलू नकोस, नोल्फा. ऑपरेशन झाल्यावर बोललं की पोटात हवा शिरते.

नोल्फा: हवा डॉक्टरांनीच भरलीय, वन्सं. पोट फुगवल्याशिवाय त्यांना आतलं दिसत नाही म्हणे. तीच वर चढलीय. भोकं पोटाला नि कळा खांद्यात.

एर्सिरा: माझाही खांदा ठणकतोय. मी बोलतेय का?

नोल्फा: मघापासून तुम्हीच बोलताय.

एर्सिरा: मी बोलू नकोस म्हणून सांगतेय. ते निराळं.

नोल्फा: तुमचं बरंय. पाठीत सुई, कमरेखाली सामसूम. मला पुरतं झोपवलं, घशात नळी घातली. डोळे उघडले तेव्हा दुखणं आधीच जागं होतं.

एर्सिरा: बरं कसलं! जन्मभर ओल्या लाकडांचा धूर खाल्ला. ही छाती झोपवायच्याही लायकीची नाही म्हणाले. आता सुई उतरतेय तसं माझं हप्त्याहप्त्यानं येतंय. तुझं एकरकमी आलं, एवढाच फरक.

नोल्फा: म्हणजे इतकी वर्षं यादीत थांबून निवड काय, तर दुखणं आधी हवं की नंतर.

एर्सिरा: तीही आपल्याला कुणी विचारली नाही.

नोल्फा: जागेपणी काय काय ऐकलंत?

एर्सिरा: फुटबॉल. कोण हरलं, का हरलं. माझ्या पोटात हात घालून.

नोल्फा: माझ्यानंतर लगेच तुम्हाला घेतलं, त्याच डॉक्टरांनी. माझ्याबद्दल बोलले असतील ना?

एर्सिरा: त्यांना कुठं नावं लक्षात राहतात!

नोल्फा: तुमचे खडे बरणीत घालून दिले. सगळ्यांनाच देतात. तुमच्या आत्याचे तर अजून टीव्हीवर मांडलेत, पाहुणा आला की आधी खडे, मग चहा. माझे कुठंयत?

एर्सिरा: देतील गं.

नोल्फा: आईचे दिले नव्हते. तिची पित्ताची पिशवी खड्यांसकट तपासायला पाठवली. खडे काही परत आले नाहीत; कॅन्सर आहे, एवढंच कळलं.

एर्सिरा: झोप आता.

नोल्फा: झोपले होते म्हणून तर तुम्हाला विचारावं लागतंय.

एर्सिरा: अगं, त्या नर्सनं घाईघाईत दोघींचे एकाच बरणीत घातलेत. वाटून घ्या म्हणाली. मीच सांगायची विसरले.

नोल्फा: दोघींचे?

एर्सिरा: हो. हे मोठे दिसतात ना, ते तुझे. खालचा चुरा माझा.

नोल्फा: मोठे माझे.

एर्सिरा: तुझेच. घरी ने, मांड टीव्हीवर.

नोल्फा: वन्सं, लग्न होऊन आल्यापासून दर रविवारी तुमच्याकडे काझुएलाचा रस्सा जेवतेय. कोंबडीचा मोठा तुकडा तुम्ही एकदाही माझ्या ताटात वाढला नाहीत.

एर्सिरा: तुला मान आवडते म्हणून.

नोल्फा: मला मान आवडत नाही. काय म्हणाले डॉक्टर?

एर्सिरा: तुझा हात इकडं पुरतोय का बघ. हं, असा. आणि आता बोलू नकोस. हवा शिरते.