अर्जामागचा ओढा

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक निवृत्त पोस्टमन आणि त्यांची मुलगी. विद्यापीठाच्या अर्जावर तिला त्यांची सही हवी होती.

“शहराचा भूगोल शिकायला विद्यापीठ कशाला? मी तीस वर्षं पायांनी शिकलोय.”

“मग सांगा बाबा, आपल्याच गल्लीत पाणी का तुंबतं?”

“अगं, खाली ओढा बुजवलाय!”

“नकाशात तर दिसत नाही.”

“नकाशेवाल्यांना काय कळतंय कपाळ! आण तो कागद, दाखवतो. हा इथून निघायचा, शाळेमागून वळायचा...”

“बाबा, अहो, तो अर्ज आहे!”

“अरेच्चा! आता?”

“मुद्दाम केलंत ना?”

“नाही गं. दुसरा आण, लगेच सही करतो. हा मात्र जपून ठेव.”

मला राहवेना. “शाळेमागून नव्हे, गिरणीमागून वळायचा.”

मुलीने तो अर्ज माझ्यापुढे केला. “मग मावशी, हे पेन धरा.”