या उन्हाळ्यात रेवा खेळणार नाही

माझा जन्म इथलाच, इंदूरचा, वडील रेल्वेत बाबू होते, सासरही इंदूरचंच, आता अन्नपूर्णा मंदिराच्या मागे राहतो आम्ही आणि मी डबे करते, विजय नगरच्या ऑफिसांत ती पोरं असतात ना पुण्या-नागपूरकडून आलेली, त्यांचे. माझ्या मराठीत हिंदी घुसते बरं का, लिहिताना फार सुधारू नका, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल दुसरीच बाई बोलतेय.

तर रेवाचं सांगायचं ना. रेवा माझी एकुलती एक, कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे. शाळेत होती तेव्हापासून खेळते, आणि काय सांगू तुम्हाला, तेव्हापासून तिच्या बाजूने मी घरात सगळ्यांशी भांडते. हाफ पँट घातली तर भांडण, मॅचला भोपाळला गेली तर भांडण. माझी मोठी नणंद तर तोंडावर म्हणायची की वहिनी, चार दिवसांचं वेड आहे हे, पोरगी आपणहून सोडेल, आणि मी म्हणायची की नाही सोडणार ताई, लिहून घ्या. एवढी हौस मला. तसा मला स्वतःला खेळ काही कळत नाही, बॉल जाळीत गेला की टाळ्या वाजवायच्या, बस.

आता कॉलेजचा सीझन असतो थंडीत. उन्हाळ्यात सुट्टी, पण आमच्या इथल्या मैदानावर मे महिन्यात लीग होते, संध्याकाळी लाइट लावून, मोहल्ल्या-मोहल्ल्याच्या टीमा, कॉलेजची पोरंपोरी त्यात खेळतात. अख्खी कॉलनी बघायला येते, आणि सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर कोण, तर मी. आणि या वर्षी पोरगी म्हणते की आई, मी लीग खेळत नाहीये. मी म्हटलं का गं, तर म्हणे थकले. तिच्या टीमच्या बाकीच्या मुलीपण नाही म्हणाल्या, एकीला विजय नगरला ट्रेनिंग लागलं, एक सांवेरला आपल्या घरी गेली. माझं डोकंच सटकलं. मी म्हटलं या वयात कसली थकतेस, मी पहाटेपासून पोळ्या लाटते ते काय आहे मग? अबोलाच धरला मी. रागापेक्षा भीती होती हो, म्हटलं नणंदेचं खरं होतंय की काय.

मग लीग चालवणारे भिया आले घरी, आमच्या इंदुरात भैयाला भिया म्हणतात, त्यांना तर सगळे भियाच म्हणतात. वाईट माणूस नाही, बिचारा स्वतःच्या हाताने मैदानाच्या रेघा मारतो, आणि या वर्षी मोठी मुलं-मुली येईनात म्हणून शाळेची लेकरं गोळा करत फिरत होता. मी चहा दिला, शेव दिली, मनातून खूश, म्हटलं हे मनवतायत तर बरंच. ते म्हणाले की काकीजी, तुम्हीच सांगा हिला, रेवा उतरली तर बाकीच्यापण येतील, आणि घोट्याचं काय टेंशन, दरवेळेसारखी गोळी घेईल, पट्टी बांधेल, घंटाभराची तर बात आहे.

मी म्हटलं कसली गोळी?

भियांनी कप खाली ठेवला. रेवा दारात उभी होती. मग हळूहळू निघालं सगळं. मागच्या उन्हाळ्यात याच लीगमध्ये तिचा घोटा मुरगळला होता, मला म्हणाली जरासं लचकलंय, गोळी घेऊन लीगच्या उरलेल्या मॅच खेळली, आणि तोच सुजलेला पाय घेऊन थंडीभर कॉलेजसाठी खेळली, दर मॅचच्या आधी दुखण्याची गोळी. आता डॉक्टर म्हणतात हा उन्हाळा पूर्ण आराम दे, नाहीतर पुढचं सांगता येत नाही. मी म्हटलं अगं मग आईला का नाही सांगितलंस, तर खाली बघून म्हणते, तू पुढच्या खुर्चीवर बसलेली असतेस ना, आई.

मला तिथेच रडू फुटलं, पाहुण्यांसमोर. डोळे पुसले आणि भियांना म्हटलं की चहा घ्या आरामात, पण रेवा खेळणार नाही, कोणी कितीही म्हटलं तरी नाही. ते बिचारे उठले, म्हणाले माफ करा काकीजी, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.

आता लीग चालू आहे. शिट्टी घरापर्यंत ऐकू येते. रेवा दुपारची झोपते, मी तिच्या पायाखाली उशी सरकवते, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करवून घेते, ती कुरकुर करते. नणंदेचा फोन आला की काय गं, सुटलं का वेड, मी म्हटलं ताई, पोरीचा पाय दुखतोय, आणि फोन ठेवून दिला.

परवा मी शेक देत होते तर विचारते, आई, समज पाय नाहीच बरा झाला, मतलब मी परत कधी खेळलेच नाही, तर चालेल तुला? मी लगेच म्हटलं चालेल की, न चालायला काय झालं. खोटं बोलले हो. आत असं तुटलं माझ्या, काय सांगू. पण ती हसली आणि डोळे मिटून शांत झोपली. तेव्हापासून देवीपुढे हात जोडते तर आधी तिचा पाय मागते, आणि मग म्हणते, आई अन्नपूर्णे, वेळ आलीच तर माझं ते 'चालेल' खरं निघू दे.